शाळेची नाटकं बसवली, कॉलेजात मात्र कोणी ऐकत नाही: दिग्दर्शनाकडे कसं जायचं?

प्रश्न विचारणारी मुलगी नाशिकची आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिनं लिहिलंय ते थोडक्यात असं. नववी-दहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगची नाटकं तिनं बसवली. पुढे बाईंनी बोलावलं म्हणून अकरावी-बारावीतही शाळेत जाऊन लहान मुलांची नाटकं केली आणि ती सगळ्यांना आवडली. आता कॉलेजच्या नाट्यमंडळात मात्र तिला दिग्दर्शक म्हणून कोणी धरत नाही. एकदा एका सीनची तालीम घ्यायला मिळाली, तर मुलं प्रत्येक मूव्हमेंटला ‘का?’ विचारायला लागली आणि तिला उत्तर देता येईना. म्हणून तिनं तीन गोष्टी विचारल्या आहेत. माझ्यात दिग्दर्शन आहे का? सीनियर संधी देतील याची वाट बघत बसायचं का? की इथलं सगळं सोडून पुण्याला जायचं?

हे तीन प्रश्न वेगळे वाटत असले तरी मुळाशी एकच अडचण आहे, आणि तिचा तुझ्या गुणवत्तेशी फारसा संबंध नाही. शाळेत तुला अधिकार आयता मिळाला होता. तू ताई होतीस. ताईनं सांगितलं डावीकडून ये, की मूल डावीकडून येतं. तिथं थांब म्हटलं की थांबतं. कॉलेजात समोर उभा असलेला मुलगा तुझ्याच वयाचा असतो, कधी दोन वर्षांनी मोठा असतो, चार स्पर्धा करून आलेला असतो. तुझं ऐकायचं तर त्याला कारण हवं. ते कारण तुझ्या आवाजातून येत नाही आणि शाळेत मिळालेल्या बक्षिसातूनही येत नाही. ते संहितेतून, म्हणजे नाटकाच्या लिहिलेल्या मजकुरातून येतं. त्यानं ‘का?’ विचारलं तो तुझा अपमान नव्हता. नटाला तो प्रश्न विचारायचा हक्क आहे आणि तो विचारणारा नट मिळाला, तर मी त्याला सोडत नाही.

आधी शाळेच्या नाटकांनी तुला काय दिलं ते नीट बघ, कारण तू ते फार हलक्यात घेते आहेस असं वाटलं. मुलांचा घोळका रंगमंचावर आणायचा, कोणी कोणाला झाकणार नाही असा उभा करायचा, विंगेत त्यांना गप्प बसवायचं, कपडे बदलायला वेळ मिळावा म्हणून मध्ये एखादं गाणं घालायचं, आयत्या वेळी एकाला ताप आला तर दुसऱ्याला उभं करायचं. हे सगळं तू केलेलं आहेस. कॉलेजात पहिल्यांदा दिग्दर्शन करणाऱ्या बऱ्याच मुलांना दोन माणसांचा सीन छान जमतो, पण रंगमंचावर सहा जण आले की ते एका रेषेत उभे राहतात, फोटोला उभे राहावेत तसे. तुला ही अडचण येणार नाही. गर्दी हाताळायचं तंत्र तुझ्या अंगात बसलेलं आहे.

शाळेत मिळालं नाही ते दुसरंच. तिथं आपण करून दाखवतो आणि मूल तसं करतं. मुलाचं वाक्य संपलं की तो थांबतो आणि समोरच्याचं वाक्य कधी संपतंय याची वाट बघतो. मधल्या वेळात तो त्या गोष्टीत नसतोच. प्रेक्षकांत त्याचे आई-बाबा असतात, त्यामुळे तेवढं पुरतं. एकांकिकेत पुरत नाही. तिथं जो बोलत नाही तोच कित्येकदा सीन चालवत असतो. त्यामुळे हालचाल नेमून देणं ही पहिली पायरी न राहता शेवटची होते. आधी माणूस कळायला हवा, मग तो कुठं जाईल ते कळतं.

नुसतं असं सांगून उपयोग नाही, म्हणून एका तालमीतलं उदाहरण देतो. वर्गातले बाक भिंतीला लावून तालीम चालली होती. सीन साधा. बाप लासलगावला कांदा विकून संध्याकाळी घरी येतो. मुलगा सातपूरला कंपनीत कामाला, सुट्टीवर घरी आलेला. तो विचारतो, ‘किती मिळाले?’ बाप उत्तर देत नाही. दिग्दर्शन करणाऱ्या मुलीनं ठरवून आणलं होतं की या वाक्यावर बापानं उठायचं, पुढे उजव्या कोपऱ्यात यायचं आणि प्रेक्षकांकडे बघत उभं राहायचं. बापाचं काम करणारा मुलगा कळवणकडचा. तो दोनदा तसा गेला, तिसऱ्यांदा थांबला आणि म्हणाला, ‘पण मी उठू कशाला? दमून आलोय.’ ती म्हणाली, ‘तिथं चांगलं दिसतं.’ खरोखरच चांगलं दिसत होतं. पण तो काही हलेना.

मी तिला एवढंच म्हटलं की त्याला कुठं जायचं ते सांगू नकोस, पैसे कुठं आहेत ते विचार. तिनं विचारलं. तो म्हणाला, ‘बंडीच्या आतल्या खिशात.’ कोणाला दिसू द्यायचे नाहीत? ‘पोराला. कारण फारच कमी मिळालेत.’ बरं, मग घरात शिरल्यावर आई काय म्हणेल? आईचं काम करणारी मुलगी लगेच म्हणाली, ‘शर्ट काढा, घामानं भिजलाय.’ हे वाक्य संहितेत नव्हतं, आम्ही ते ठेवलंही नाही. पण बापाला आता एक अडचण मिळाली: उकडतंय, तरी शर्ट काढता येत नाही. त्यानं टोपी काढून खुंटीला लावली आणि हात छातीपाशी गेला तो तिथंच राहिला. मुलानं ‘किती मिळाले?’ विचारलं. तसा हा उठला आणि उजव्या कोपऱ्यात माठ होता तिकडे पाणी घ्यायला गेला, म्हणजे मुलाकडे पाठ करता येईल. हालचाल तीच झाली जी त्या मुलीनं घरून ठरवून आणली होती. कोपराही तोच. फक्त आता तो माणूस तिथं स्वतःच्या गरजेनं गेला होता आणि मुलाचं वाक्य त्याच्या पाठीवर पडलं.

पुढचं त्या नटानंच दिलं. तो म्हणाला, ‘आमच्याकडे पैसे नंतर विचारतात, आधी हिशोबपट्टी बघतात.’ हिशोबपट्टी म्हणजे माल विकल्यावर व्यापारी देतो तो हिशोबाचा कागद. मग शेवटी बाप पैसे काढत नाही, घडी घातलेली हिशोबपट्टी काढून मुलासमोर ठेवतो आणि मुलगा ती उघडत नाही, असं झालं. लेखकाला फोन करून विचारलं, त्याला आवडलं. त्या दिवसानंतर दिग्दर्शक मुलीला त्या ग्रुपमध्ये कोणी ‘तू कोण?’ असं विचारलं नाही. तिनं नटाकडून आलेली गोष्ट घेतली आणि ती कुठं बसते ते ठरवलं, यामुळे तिचं वजन वाढलं. मूव्हमेंट रेटून नेली असती तर वाढलं नसतं.

तेव्हा तालमीला जाण्याआधी तुझा अभ्यास काय असावा? प्रत्येक पात्राच्या प्रत्येक एंट्रीला मी चार गोष्टी संहितेच्या समासात पेन्सिलीनं लिहितो. हा कुठून आला, याला आत्ता काय हवंय, हा काय लपवतोय आणि याच्या हातात काय आहे. हातात काय आहे हे लोक विसरतात आणि मग नटाचे हात लोंबकळत राहतात. पेन्सिलीनं अशासाठी की तालमीत त्यातलं निम्मं खोडावं लागतं. एखाद्या ‘का?’चं उत्तर तुझ्याकडे नसेल तर सरळ म्हण, ‘माहीत नाही, दोन्ही प्रकारे करून बघू.’ त्यानं कोणी तुला कमी लेखत नाही. मात्र दोन्ही बघून झाल्यावर निर्णय तू घ्यायचास आणि दुसऱ्या दिवशी तो बदलायचा नाहीस. रोज मत बदलणाऱ्या दिग्दर्शकावरचा नटांचा विश्वास फार लवकर उडतो. सगळ्यांना विचारून बहुमतानं सीन बसवणाराही टिकत नाही, कारण मग चुकलं तर कोणाचं चुकलं हेच कळत नाही.

आता सीनियरांचा प्रश्न. इथं बरंच काही तुझ्या कॉलेजवर अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. काही कॉलेजांत नाट्यमंडळाची जुनी परंपरा असते, माजी विद्यार्थी येऊन बसवतात, पहिल्या वर्षाच्या मुलांनी सेट उचलायचा असा शिरस्ता असतो. काही ठिकाणी सांस्कृतिक विभागाचे एक सर आणि उत्साही चार-पाच मुलं एवढंच असतं. तिथं तू जानेवारीतच दिग्दर्शक होशील. तू सायन्सला असशील तर प्रॅक्टिकल आणि तालीम यांचं गणित वेगळं, आर्ट्‌सला असशील तर वेगळं. घरून किती वाजेपर्यंत परवानगी आहे, हाही प्रश्न मुलींच्या बाबतीत खराच आहे आणि तो लपवायची काही गरज नाही. मंडळात पहिल्याच दिवशी वेळ सांगून टाक. जी मुलगी साडेआठला निघणार असं सांगते आणि साडेआठपर्यंत पूर्ण लक्ष देऊन काम करते, तिच्यावर ग्रुप भरवसा ठेवतो.

परंपरा असलेल्या मंडळात असशील तर माझा सल्ला तुला कदाचित रुचणार नाही: या वर्षी दिग्दर्शन मागू नकोस, प्रॉम्प्टिंग माग. प्रॉम्प्टर म्हणजे विसरलेली वाक्यं पुरवणारा, एवढंच लोकांना वाटतं. पण तालमीत पहिल्यापासून शेवटपर्यंत संहिता हातात घेऊन बसलेला तो एकटाच असतो. दिग्दर्शक फोनवर जातो, नट चहाला जातात, प्रॉम्प्टर जागेवर असतो. कोणत्या वाक्यावर कोण उठलं, कोणता पॉज आधी होता आणि आता गेला, कालचा सीन आजपेक्षा चांगला का झाला, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडत असतं. उजव्या पानावर संहिता, डावं पान कोरं अशी वही कर. कोऱ्या पानावर मूव्हमेंट, लाइटचे क्यू, म्युझिकचे क्यू, म्हणजे कोणत्या क्षणी लाइट किंवा संगीत बदलायचं त्या खुणा, लिहीत जा. सीझन संपेल तेव्हा तुझ्याकडे एका नाटकाचा पूर्ण आराखडा असेल, आणि मंडळाला एव्हाना सवय झालेली असेल की काही अडलं तर तुला विचारायचं. दिग्दर्शक कोणाला करायचं हे ठरवताना ही सवय उपयोगी पडते.

त्याच वर्षात एकदा तरी लाइट ऑपरेट कर. डिमरच्या, म्हणजे लाइट कमी-जास्त करायच्या यंत्राच्या मागे बसल्यावर समजतं की ‘मंद प्रकाश’ असं संहितेत लिहिणं किती सोपं आणि चेहरा दिसेल इतपत मंद ठेवणं किती अवघड. एक प्रयोग तुझ्या हातून ऑपरेट झाला की पुढे प्रकाशयोजनाकाराशी बोलताना तुझी भाषा बदलते.

दिग्दर्शनाचा हात मात्र बंद ठेवू नकोस. त्यासाठी मंडळाच्या मुख्य एकांकिकेची वाट बघायची गरज नाही. अभिवाचन कर, म्हणजे नाटक बसून, आवाजातून वाचून दाखव. दोन मैत्रिणी, एक संहिता, तीन खुर्च्या, खर्च शून्य. अभिवाचनात करून दाखवायला काही नसतं, त्यामुळे तुला फक्त बोलण्यावर काम करावं लागतं: कोणता शब्द उचलायचा, कुठं थांबायचं, समोरचा बोलत असताना आपण काय ऐकतोय. शाळेच्या नाटकात राहून गेलेलं नेमकं हेच आहे. नाशिकमध्ये याला पोषक हवा आहे. शिरवाडकर आणि कानेटकर हे नाटककार दोघंही याच गावात राहून लिहीत होते. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे आणि तिथं नाटकांची पुस्तकं बघायला गेलीस तर एक दुपार पुरणार नाही. मोठ्यानं वाच. मनात वाचलेलं नाटक आणि मोठ्यानं वाचलेलं नाटक यांत पुष्कळ फरक पडतो.

दुसरी वाट युवक महोत्सवाची. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात एकांकिकेबरोबर स्किट (छोटं प्रहसन) आणि मूकाभिनय असतात. एकांकिकेला साधारण अर्धा तास, स्किटला दहा मिनिटं, मूकाभिनयाला पाच. त्या वर्षीचे नियम तेवढे बघून घे. एकांकिकेवर सगळ्यांचा डोळा असतो, मूकाभिनय कोणी मागत नाही. तू माग. पाच मिनिटांत सुरुवात, अडचण आणि शेवट शब्दांशिवाय सांगायचा, म्हणजे प्रत्येक हालचालीला कारण लागतं, नाहीतर प्रेक्षकाला काही कळतच नाही. शिवाय घोळका हाताळायची तुझी सवय इथं सरळ कामाला येते.

संहिता निवडताना पहिल्या एकांकिकेसाठी माझा आग्रह असतो: पात्रं थोडी, जागा एकच, आणि काळ सलग. तीन वर्षं उलटली, मग फ्लॅशबॅक, मग स्वप्न, असं काही नको. प्रत्येक ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावर अंधार केला की, प्रेक्षक तुझ्या हातातून निसटतो आणि त्याला परत आणायला वेळ लागतो. विषय मोठा हवा असं काही नाही. तुझ्या ग्रुपमध्ये कोण आहे ते बघ. नाशिकच्या कॉलेजांत दिंडोरी, सिन्नर, निफाड, सटाणा, कळवण, कुठून कुठून मुलं येतात. घरी कोणी अहिराणी बोलतं, कोणाची बोली त्र्यंबक-पेठकडची. ही मुलं तालमीला आली की लगेच पुस्तकी मराठीत शिरतात, कारण शाळेत नाटक म्हणजे शुद्ध बोलणं असं त्यांना शिकवलेलं असतं. त्यांना त्यांच्या बोलीत एक सीन करायला सांग आणि बघ, आवाज मोकळा होतो, हात हलायला लागतात. मग नाटक त्या बोलीत ठेवायचं की नाही हा पुढचा प्रश्न. कथेत ती माणसं तिथली असतील तर ठेवावी, नसतील तर सरावापुरतीच पुरे. बोली हशा काढण्यासाठी वापरू नकोस. मला ते आवडत नाही, आणि तसा वापर झाला की तो बोलणारा मुलगा आतून मिटतो.

कोणाची तरी संहिता घेणार असशील तर लेखकाची लेखी परवानगी आधी घे, मानधन विचार आणि ते दे. विद्यार्थी आहोत म्हणून चालतं अशी एक समजूत आहे, ती चुकीची आहे. बहुतेक लेखक विद्यार्थ्यांना सवलत देतात, पण आधी विचारलेलं त्यांना हवं असतं. शिवाय महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, आणि अनेक स्पर्धा प्रवेशिकेबरोबर ते प्रमाणपत्र मागतात. नवी संहिता असेल तर ती अगोदर पाठवायला हवी. तालमी उत्तम चालल्यात आणि कागद आलेला नाही, ही धावपळ टाळण्यासारखी आहे.

तालमीचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं असतं. माझ्या पद्धतीत सुरुवातीचे कित्येक दिवस कोणी उभं राहत नाही. गोल बसून वाचन, प्रश्न, पुन्हा वाचन. मुलं कंटाळतात, ‘उभं कधी राहायचं?’ विचारतात. ज्या दिवशी वाचता वाचता कोणीतरी आपसूक उठतं, त्या दिवशी उभं राहायचं. तिथून पाठांतराची मुदत द्यायची आणि ती पाळायला लावायची, कारण हातात कागद असलेला नट समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. शेवटचा आठवडा नवीन काही सुचवायचं नाही, रनथ्रू करायचे, म्हणजे न थांबता सगळं नाटक करायचं, घड्याळ लावायचं. रंगीत तालीम मात्र चुकवू नये. साडी नेसून जिना चढायचा असेल तर तो साडी नेसूनच चढून बघितलेला बरा.

आणि तालीम संपल्यावर कोण कसं घरी जाणार हे दिग्दर्शकानं बघायचं. सिन्नरची किंवा निफाडची शेवटची बस गाठायची असलेला मुलगा शेवटच्या अर्ध्या तासात सीन करत नाही, बस करत असतो. त्याचे सीन आधी घे. वेळापत्रक लिहून भिंतीवर लाव, म्हणजे ज्याचं काम सातनंतर आहे त्याला पाचपासून ताटकळत बसावं लागणार नाही. लोकांचा वेळ जपणाऱ्या दिग्दर्शकाकडे पुढच्या वर्षी नट स्वतःहून येतात.

जागेबद्दल थोडं बोलतो, कारण शाळेचं स्टेज आणि नाट्यगृह यांत पहिल्यांदा जाणाऱ्याची गफलत होते. वर्गात तालीम करताना आपण नटापासून चार पावलांवर बसलेलो असतो, त्यामुळे सगळंच ऐकू येतं, दिसतं. मग तीच एकांकिका परशुराम साईखेडकर नाट्यगृहात गेली की शेवटच्या रांगेत निम्मी वाक्यं पोहोचत नाहीत, आणि कालिदास कलामंदिरात गेली तर सेट लहान खेळण्यासारखा दिसायला लागतो. ज्या नाट्यगृहात प्रयोग आहे तिथं आधी एक नाटक बघायला जा. मध्यंतरात रंगमंचाच्या रुंदीचा अंदाज घे, विंगा किती आणि कुठं आहेत ते बघ, अगदी कडेच्या खुर्चीवर बसून बघ की डाव्या कोपऱ्यातलं काय दिसत नाही. मग वर्गात खडूनं तेवढीच जागा आखून तालीम घ्यायची. वर्ग पुरत नसेल तर कॉलेजच्या पार्किंगमध्ये आखायची. आठवड्यातून एकदा तू स्वतः मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहा आणि नटांना ओरडायला न लावता ऐकू येतंय का ते बघ. उच्चार स्पष्ट हवेत, वाक्याचा शेवट गिळता कामा नये. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नट नेमका तिथंच श्वास सोडतो.

स्पर्धेत तांत्रिक तालमीला वेळ मिळत नाही असंच धरून चाल. सेट लावायला, काढायला मिनिटं मोजलेली असतात. म्हणून सेट असा हवा की तुझी बॅकस्टेजची मुलं तो अंधारात लावू शकतील. दोन लेव्हल (चौथरे), एक खुंटी, एक माठ, एवढ्यात घर उभं राहतं. बॅकस्टेजला कोण काय उचलणार याचीही तालीम घे, नटांची घेतेस तितक्याच काळजीनं, आणि बक्षीस समारंभात त्यांना पुढे उभं कर.

स्पर्धांबद्दल माझं मत ठाम आहे. त्या करायच्याच, कारण विद्यार्थी नाटकाला तारीख, प्रेक्षक आणि नाट्यगृह त्यांच्यामुळेच मिळतं. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात होतो, आणि मराठीतल्या कितीतरी नटांनी, दिग्दर्शकांनी सुरुवात तिथून केली. फिरोदिया करंडकाची जात वेगळी, तिथं नृत्य, चित्र, वाद्यं असं सगळं एका गोष्टीत गुंफायचं असतं. ‘लोकसत्ता’ची लोकांकिका २०१४ साली सुरू झाली आणि तिची नाशिक विभागाची फेरी इथंच होत आली आहे, त्यामुळे ती तुझ्यासाठी जवळची. प्रत्येक स्पर्धेची स्वतःची चव असते. ती ओळखून त्याप्रमाणे नाटक बेतायचा मोह होतो. परीक्षकांना काय आवडेल या हिशोबानं बसवलेलं नाटक मला पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतं: मध्येच सगळे नट एकत्र येऊन प्रेक्षकांकडे बघत एक वाक्य म्हणतात, धूर येतो, लाल लाइट येतो. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही म्हणून करंडकच दिला नाही. त्यावर खूप वाद झाला. मला त्या वादात पडायचं नाही, पण त्या निमित्तानं मुलं आपापसांत बोलायला लागली की आपण नाटक बसवतो की स्पर्धा बसवतो, आणि ते बोलणं गरजेचं होतं. तू मात्र बक्षीस मिळो न मिळो, एक प्रयोग स्पर्धेबाहेर करायचाच असं ठरव. कॉलेजच्या हॉलमध्ये, एखाद्या सोसायटीत, गावातल्या शाळेत. तिथला प्रेक्षक गुण देत नाही. तो उठून जातो किंवा बसून राहतो, आणि त्यावरून तुला बरंच कळतं.

इथवर जे सांगितलं ते एका दमात असं: यंदा प्रॉम्प्टर हो, जमल्यास लाइट ऑपरेट कर, एखादं अभिवाचन आणि एखादा मूकाभिनय स्वतःच्या जबाबदारीवर कर, पुढच्या वर्षी थोड्या पात्रांची, एका जागेची एकांकिका घेऊन मंडळापुढे जा. जाताना नुसती इच्छा घेऊन जाऊ नकोस. वाचलेली, खुणा केलेली संहिता, लेखकाची परवानगी आणि भूमिकेसाठी डोळ्यांसमोर असलेली माणसं, एवढं घेऊन जा. एवढी तयारी करून आलेल्याला सीनियर सहसा नाही म्हणत नाहीत. तरीही म्हणाले तर वर्गातली चार मुलं घेऊन बाहेर कर. नाशिकमध्ये हौशी संस्था आहेत, राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी त्यांना बॅकस्टेजला माणसं कमीच पडतात, तिथं जाऊन उभी राहिलीस तर वयानं मोठ्या नटांची तालीम जवळून बघायला मिळेल.

राहिला पुण्याचा प्रश्न. तू ‘सगळं सोडून’ असं लिहिलंस, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. रीतसर शिक्षणाच्या विरोधात मी अजिबात नाही. पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्‌स आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, ज्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. दिल्लीला पदवी लागते आणि आधी नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो. म्हणजे तिथं जायचं मनात असेल तरी आज नाशिक सोडण्यानं तो दिवस जवळ येत नाही. उलट इथं पदवीची तीन वर्षं आणि प्रत्येक वर्षी दोन-तीन नाटकांत वेगवेगळी कामं, यातून तो अनुभव आपसूक जमतो. प्रत्येक कामाचं प्रमाणपत्र, ब्रोशर, बातमीचं कात्रण एका फायलीत ठेवायला आत्तापासून लाग; पुढे प्रवेशाच्या वेळी ते शोधत बसायला नको.

पुण्याला पदवीसाठीच जायची सोय घरून होत असेल आणि तिथं तुला हवा तो विषय मिळत असेल, तर माझं म्हणणं बदलेल. नाटकाच्या अभ्यासक्रमालाच प्रवेश मिळत असेल तरी बदलेल. पण केवळ तिथं स्पर्धा जास्त आहेत म्हणून जायचं असेल, तर तिथल्या मोठ्या कॉलेजांच्या ग्रुपमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलीची रांग इथल्यापेक्षा लांब असते हे लक्षात घे. इथं तुला नाट्यगृहातली माणसं नावानं ओळखायला लागतील, लाइटवाले दादा एखादी दुपार स्वतःहून शिकवतील. शिकायच्या वयात ही जवळीक मोठी असते. स्पर्धेसाठी पुण्याला जा, नाटकं बघायला जा, पहाटेच्या बसनं जाऊन रात्री परत ये. राहायला जाण्याचा निर्णय पदवीच्या शेवटच्या वर्षात घे, तेव्हा तो जास्त माहितीनं घेशील.

शाळेतली नाटकं सोडू नकोस, हे मात्र मी स्वतःहून सांगतो, तू विचारलं नसलंस तरी. कॉलेजात गेल्यावर मुलांना बालनाट्य म्हणजे मागे पडलेली गोष्ट वाटायला लागते. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर ही मुलांची नाट्यसंस्था सुरू केली, रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी भरपूर लिहीत असताना मुलांच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षं काम केलं. या माणसांनी ते फावल्या वेळात केलेलं नाही. बाईंनी यंदा बोलावलं तर जा. पण या वेळी करून दाखवायचं नाही असं ठरवून जा. मुलांना विचार, ‘तू इथं का आलास?’ आठ वर्षांचं मूल या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या मुलापेक्षा पटकन देतं आणि लगेच करूनही दाखवतं. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धाही असते, शाळेला रस असेल तर तीही बघा.

मंडळात पुन्हा सीन घ्यायला मिळेल तेव्हा त्याच मुलांना, ज्यांनी ‘का?’ विचारलं होतं त्यांनाच, बोलाव. तोच सीन घे. मूव्हमेंट लिहिलेला कागद बॅगेत ठेव आणि गोल बसून वाचनानं सुरुवात कर. पहिल्या एंट्रीला माणूस कुठून आला आणि त्याच्या हातात काय आहे, एवढंच त्या संध्याकाळी ठरलं तरी चालेल.